फोटोत वेल दिसतो, रोग का दिसत नाही?



द्राक्षाची फळछाटणी उरकली, डोळे फुटले, पाने तळहाताएवढी झाली आणि नेमके तेव्हाच आभाळ भरून आले, की नाशिक जिल्ह्यात विस्ताराचे काम करणाऱ्या माणसाच्या फोनवर फोटोंची रीघ लागते. "साहेब, हे काय आहे? कोणते औषध मारू?" एवढाच मजकूर आणि सोबत एक फोटो. फोटोत वेल असतो, तार असते, पान धरलेला अंगठा असतो. बांधावरची बाभूळसुद्धा काटे मोजावेत इतकी स्पष्ट असते. ज्या डागासाठी फोटो काढला, तो डाग तेवढा पुसट असतो.

आता ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. पानाच्या वरच्या अंगाला तेलकट पिवळा डाग आणि त्याच जागी पानाच्या खालच्या अंगाला पांढरी वाढ, हा केवडा. पानावर वरून राख शिंपडल्यासारखी भुकटी, ही भुरी. दोहोंना आपण बुरशीचे रोग म्हणतो, पण दोहोंचे कारण वेगळे आणि औषधही वेगळे. फोटो पुसट असला की पांढरे दिसते, पण ते कोणते पांढरे ते कळत नाही. मग उत्तर जाते, "दुसरा फोटो पाठवा." तोवर दिवस मावळतो, रात्रभर पाने ओली राहतात आणि केवडा काही आपल्या दुसऱ्या फोटोसाठी थांबत नाही. कोणी घाईने दोन्ही औषधे मारून मोकळा होतो. त्यात पैसा जातो तो जातोच, शिवाय नको त्या औषधाचा अंश मालात उतरण्याची धास्ती राहते.

यात दोष बहुतेक वेळा फोनचा नसतो. फोन पाच हजारांचा असो की पन्नास हजारांचा, भिंगाचा धर्म एकच. तो धर्म एकदा समजून घेतला, की घरातले शाळकरी पोरसुद्धा उपयोगी फोटो काढू शकते. आजचा लेख त्यासाठी.

भिंगाला एकच अंतर नेमके साधते

लहानपणी आपण सगळ्यांनी भिंगाने उन्हात कागद जाळला आहे. भिंग बरोबर उंचीवर धरले की सूर्याचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका पडतो. भिंग थोडे वर किंवा थोडे खाली नेले, की त्याच ठिपक्याची टिकली होते. कॅमेऱ्यातही असेच घडते. भिंग एका वेळी एकाच अंतरावरच्या वस्तूचा नेमका ठिपका पाडते. त्या अंतराच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या प्रत्येक ठिपक्याची टिकली होते. टिकल्या एकमेकींवर चढल्या, की चित्र पुसट होते.

मग फोटोत थोडी अलीकडची आणि थोडी पलीकडची वस्तूही चांगली कशी दिसते? कारण टिकली अगदी बारीक असली, तर आपला डोळा तिला ठिपकाच समजतो. नेमक्या अंतराच्या मागेपुढे जिथवर डोळ्याची अशी समजूत टिकते, तिथवरचा भाग आपल्याला स्पष्ट वाटतो. या भागाला छायाचित्रकार 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. आपण त्याला स्पष्टतेचा पट्टा म्हणू. शेतात आखलेल्या पट्ट्यासारखाच तो असतो. कॅमेऱ्यापासून अमुक अंतरावर सुरू होतो आणि तमुक अंतरावर संपतो.

याचा पडताळा घ्यायचा, तर एकलहरे गावच्या शिवारात उभे राहावे. तिथल्या औष्णिक वीज केंद्राचे २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले आणि त्याच्या उंच चिमण्या आसपासच्या शिवारांतून लांबवरून ओळखू येतात. एक डोळा मिटा. वीतभर अंतरावर एक पान धरा आणि त्याच्या शिरा पाहा. शिरा दिसतील, चिमणी विरघळेल. आता चिमणीकडे पाहा. चिमणी उभी राहील आणि पान विरघळेल. हेच फोनने करा. पडद्यावर पानाला बोट लावले की चिमणी पुसट, चिमणीला बोट लावले की पान पुसट. इतक्या जवळचे पान आणि इतकी दूरची चिमणी एका पट्ट्यात बसत नाहीत. दोन्ही मागणाऱ्याला एकही धड मिळत नाही.

पट्टा कशाने रुंदावतो?

पट्ट्याची रुंदी मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: भिंगातले भोक, भिंगाची लांब पल्ल्याची ताकद आणि वस्तूचे अंतर.

पहिले भोक. त्याला ॲपर्चर म्हणतात. चष्मा घरी विसरलेले आजोबा सात-बारा वाचताना डोळे बारीक करतात, ते उगाच नव्हे. डोळ्याचे भोक लहान झाले, की आत येणारी किरणांची मोट निमुळती होते, टिकली बारीक होते आणि अक्षर उमटते. कॅमेऱ्यातही भोक लहान केले की पट्टा रुंद होतो. जुन्या पद्धतीच्या रिळाच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग असे. त्याने तीन मीटरवरच्या माणसावर नेम धरला, तर एफ २ या मोठ्या भोकाला साधारण २.८ ते ३.२ मीटरपर्यंतचाच भाग स्पष्ट येतो. एफ ८ ला तो २.३ ते ४.२ मीटर होतो आणि एफ १६ या लहान भोकाला १.९ पासून जवळजवळ ७ मीटरपर्यंत जातो. आकडा मोठा तितके भोक लहान, एवढे लक्षात ठेवावे.

पण भोक लहान केले की उजेड कमी येतो. तो भरून काढायला झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. आपल्या पणजोबांच्या लग्नातले फोटो आठवा. तीन-तीन रांगा, सगळे ताठ, कोणाच्या चेहऱ्यावर हसू नाही. पुढच्या रांगेतल्या पोरापासून मागच्या रांगेतल्या पागोट्यापर्यंत सगळे एका पट्ट्यात बसवायचे, तर भोक लहान हवे. त्या काळच्या काचांना उजेडही फार लागे. म्हणून "हलू नका" असे बजावले जाई. त्या गंभीर चेहऱ्यांना थोडेफार हे गणितही कारणीभूत होते.

दुसरी गोष्ट भिंगाची ताकद. दूरची वस्तू जवळ ओढणारे भिंग पट्टा अरुंद करते. पक्ष्यांच्या फोटोत पक्षी कोरल्यासारखा आणि मागचे रान धुरकट दिसते, ते त्यामुळे.

तिसरी गोष्ट अंतर, आणि आपल्या कामाची खरी किल्ली हीच. जितके जवळ जाल, तितका पट्टा आटतो.

फोनचे गणित

बहुतेक फोनमध्ये भोक ठरलेले असते, ते लहान-मोठे करता येत नाही. फोनचे भिंग अगदी छोटे, त्यामुळे दूरच्या फोटोत पट्टा आपोआप फार रुंद मिळतो. म्हणूनच पुष्कळांना वाटते की फोनमध्ये सगळेच स्पष्ट येते. ही समजूत जवळच्या फोटोत फसवते.

नेहमीच्या फोनचा हिशेब साधारण असा पडतो. दहा सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत स्पष्टतेचा पट्टा पाऊण सेंटिमीटरच्या आसपास असतो. वीस सेंटिमीटरवरून काढला तर सुमारे तीन सेंटिमीटर, आणि चाळीस सेंटिमीटरवरून सुमारे बारा सेंटिमीटर. म्हणजे अंतर दुप्पट केले की पट्टा चौपट होतो. फोनागणिक आकडे थोडे बदलतील, हा चौपटीचा नियम मात्र जवळच्या फोटोत ध्यानात धरण्याजोगा आहे. आणि दहा सेंटिमीटरच्या आत गेले, तर पुष्कळ फोनांचे भिंग नेम धरूच शकत नाही. कितीही वेळा बोट लावा, फोटो पुसटच येतो.

म्हणून पहिला धडा हा की, बारीक वस्तूचा फोटो काढताना फोन नाकाशी नेऊ नका. वीतभर मागे या. वस्तू पडद्यावर लहान दिसेल, दिसू द्या. स्पष्ट आलेला लहान भाग नंतर मोठा करून पाहता येतो. पुसट आलेला भाग कितीही मोठा केला, तरी पुसटपणाच मोठा होतो.

अळी आडवी धरा

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात २०१८ साली आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. तिची ओळख दोन खुणांवर आहे. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे केल्यासारखी फिकी रेघ आणि शेपटीकडच्या, शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात मांडल्यासारखे चार काळे ठिपके. एक खूण या टोकाला, दुसरी त्या टोकाला, आणि पूर्ण वाढलेली अळी तीन-चार सेंटिमीटर लांब.

ही अळी डोक्याच्या बाजूने, समोरून टिपली, तर डोके पट्ट्यात येते आणि शेपटी पट्ट्याबाहेर जाते. मग उलटा वाय दिसतो, पण चार ठिपके विरून जातात. तीच अळी कागदावर आडवी ठेवा आणि फोन बरोबर तिच्या डोक्यावरून, कागदाला समांतर धरा. आता डोके आणि शेपटी दोन्ही भिंगापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. पट्टा अरुंद असला तरी अळी सगळी त्यात मावते. फोन तोच आणि अळीही तीच. फक्त तिची दिशा बदलली.

हा दुसरा धडा. पट्टा रुंद करता येत नसेल, तर वस्तूच पट्ट्यात आडवी घाला.

पान, घड आणि फुलकिडे

हाच नियम पानाला लावा. वेलावरचे पान वाकलेले असते, वाऱ्याने हलते, त्याचा देठ पुढे आणि टोक मागे असते. एक पान तोडून वहीच्या पुठ्ठ्यावर सपाट ठेवा. सावलीत पण भरपूर उजेडात न्या. फोन पानाला समांतर धरा आणि डागालाच बोट लावा. पुष्कळ फोनांत बोट थोडे दाबून धरले, की नेम तिथेच बांधला जातो. आधी पानाच्या वरच्या बाजूचा फोटो घ्या. मग पान उलटून खालच्या बाजूचा घ्या, कारण केवड्याचा निकाल खालच्या बाजूवर लागतो. शेजारी एक नाणे ठेवले, तर डाग केवढा ते समजते. नाणे पानालगत, त्याच पातळीत हवे. उंच ठेवले तर तेच पट्ट्याबाहेर जाते.

द्राक्षाचा घड सपाट करता येत नाही. तो गोल, आत-बाहेर दहा सेंटिमीटर सहज भरतो. त्याचा फोटो जवळून घेतला तर पुढचे दोन मणी चकाकतात आणि पिठ्या ढेकूण ज्या मधल्या खोबणीत बसला आहे ती खोबण पुसट राहते. इथे हातभर मागे यावे आणि दर्शनी मण्याला बोट न लावता, किंचित आतल्या मण्याला लावावे. पट्टा नेमाच्या अलीकडेही असतो आणि पलीकडेही. दर्शनी मण्यावर नेम धरला, तर अलीकडचा पट्टा हवेत वाया जातो.

कांद्यावरचे फुलकिडे जेमतेम एक मिलिमीटरचे, आणि ते पातीच्या बेचक्यात खोल दडलेले. तिथे फोन खुपसून काही साधत नाही. पात कागदावर हलकेच झटका. किडे कागदावर पडतील आणि कागद सपाट असल्यामुळे सगळे एकाच पातळीत येतील. फिकट किडे काळ्या कागदावर, गडद किडे पांढऱ्यावर चांगले दिसतात. फोनच्या भिंगापुढे हातातले भिंग धरले तर किडा मोठा दिसतो, पण पट्टा आणखीच आटतो. तेव्हा फोन आणि कागद दोन्ही कशाला तरी टेकवून स्थिर ठेवा.

दुरून काढायचा फोटो

सगळीकडे जवळूनच काढायचे नसते. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद आपणच, शेतात उभे राहून, फोटोसह करण्याची पद्धत आली. गारपिटीनंतर नुकसान दाखवायचे असते, तेव्हाही शेत दिसावे लागते आणि ते कोणते शेत तेही दिसावे लागते. अशा फोटोत पीकही स्पष्ट हवे आणि मागची विहीर, झाड, रस्ता किंवा चिमणी अशी ओळखीची खूणही हवी.

इथे फोनचा रुंद पट्टा आपल्या कामी येतो. पायाजवळच्या रोपाला बोट लावू नका आणि क्षितिजालाही लावू नका. अडीच-तीन मीटरवरच्या रोपाला लावा. नेहमीच्या फोनमध्ये अशा वेळी साधारण दीड मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळे चालण्याजोगे स्पष्ट येते. क्षितिजावर नेम धरला, तर पलीकडचा पट्टा वाया जातो आणि अलीकडचे पीक मऊ पडते. तेव्हा शेताच्या फोटोत मध्यम अंतरावर नेम धरावा आणि नुकसानीचे जवळचे फोटो वेगळे काढावेत. एकाच फोटोवर दोन्ही कामे लादू नयेत.

एका मोहापासून सावध

हल्ली फोनमध्ये 'पोर्ट्रेट' नावाची सोय असते. माणूस स्पष्ट आणि मागचे सगळे धूसर. लेकीबाळींच्या फोटोला ते शोभते. पण तिथला बराचसा पुसटपणा भिंगाचा नसतो. फोन स्वतः अंदाज बांधतो की हे पुढचे आणि ते मागचे, आणि मागचे पुसून टाकतो. पानाची कातरलेली कड, बारीक केस, जाळे यांत त्याचा अंदाज चुकतो आणि रोगाची खूणच पुसली जाऊ शकते. पीक दाखवायचे असेल तेव्हा ही सोय बंद ठेवा.

फोटो पुसट आलाच, तर कारण ओळखण्याची रीत अशी. फोटोत दुसरे काहीतरी, अंगठा किंवा मागची तार, स्पष्ट असेल तर नेम चुकला. सगळेच एका दिशेला ओढल्यासारखे दिसत असेल तर हात हलला किंवा उजेड कमी पडला. वारा असेल तर मागची तार स्पष्ट राहूनही पान तेवढे ओढल्यासारखे येते. सगळ्यावर धुके पसरल्यासारखे असेल तर भिंगावर घामाचा किंवा फवाऱ्याचा थर आहे. मऊ सुती कापडाने पुसा. कारण कळले की उपाय सोपा असतो.

फाळक्यांचा वाटाणा

पीक आणि कॅमेरा यांची सांगड आपल्या जिल्ह्याला नवी नाही. त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे आणला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी १९१२ साली त्यांनी एक छोटे चित्र तयार केले होते. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीच्या चौकटी दिवसागणिक टिपल्या. ते चित्र चालवून दाखवले तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंकूर फुटून रोप वर चढले. ते पाहून त्यांच्या मोठ्या चित्रपटाला भांडवल मिळण्यास मदत झाली.

आपल्यालाही यातून घेण्याजोगे आहे. बागेतला एक वेल निवडा. समोर एक खुंटी ठोका. दर आठ दिवसांनी त्याच खुंटीजवळ उभे राहून, तेवढ्याच अंतरावरून, त्याच फांदीला बोट लावून फोटो घ्या. अंतर तेच राहिले की पट्टाही तोच राहतो आणि आठवड्यामागून आठवड्याचे फोटो शेजारी ठेवून तुलना करता येते. डाग वाढला की थांबला, हे आठवणीवर सोडावे लागत नाही.

शेवटी घरात करून पाहण्याजोगा एक प्रयोग. शिवणकामाची टेप ओटीवर सरळ पसरा. फोन टेपच्या एका टोकाशी जमिनीलगत धरा, म्हणजे टेप पुढून मागे लांब जाताना दिसेल. वीस सेंटिमीटरच्या आकड्याला बोट लावा आणि फोटो घ्या. मग तो मोठा करून पाहा, कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत रेघा स्पष्ट आल्या. तेवढा तुमच्या फोनचा पट्टा. मग चाळीसच्या आकड्याला बोट लावून पुन्हा घ्या. हे काम मुलांवर सोपवा, ती आनंदाने करतील आणि आकडे वहीत लिहून ठेवतील.

सल्ला देणारा माणूस तुमच्या बांधावर नसतो. तुमच्या शेतातले त्याला तेवढेच दिसते, जेवढे तुम्ही त्या पट्ट्यात ठेवता. तेव्हा फोटो काढण्याआधी क्षणभर थांबून स्वतःला विचारा, यात मला नेमके काय दाखवायचे आहे? जे दाखवायचे, त्यावर बोट ठेवा, वीतभर मागे या आणि मग फोटो काढा. औषध कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.